डाळिंबी टिपका

माझं डिग्री सर्टिफिकेट त्यांनी आधी उलटं केलं, मग खिडकीच्या उजेडात धरलं, मग नाकाजवळ नेऊन त्याचा वास घेतला. आणि विचारलं, "हे लॅमिनेट कुणी केलं?"

"आईने," मी म्हणालो. "हातात पडलं त्याच दिवशी. खराब होऊ नये म्हणून."

"झालं तर मग. आता हे खरं की खोटं ते कुणालाच सांगता येणार नाही. कागद हाताला लागत नाही. शाईला वास नाही. शिक्का दाबून उठवलाय की नुसता छापलाय, तेही कळत नाही. राहिली काय, तर चकाकी."

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या आमच्या ऑफिसात मला नोकरीला लागून चार दिवस झाले होते आणि या गृहस्थांची माझी ओळख दहा मिनिटांची होती. सर्टिफिकेट त्यांनी मागितलंही नव्हतं, मीच काढून दाखवलं होतं. त्या काळात मी दाखवायचो. सगळ्या कागदांचं प्लॅस्टिकचं फोल्डर माझ्या बॅगेत कायम असायचं. न जाणो, कोण कधी मागेल. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांचं हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान. हे मी कुणापासून लपवत नाही, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतो. त्यांनाही सांगितलं.

"बारीक पंक्चर कसं शोधतात वडील?" त्यांनी विचारलं.

"ट्यूब पाण्यात बुडवून. त्यातही नाही सापडलं तर गालाजवळ धरून. हवा गालाला लागते."

"गालाजवळ!" ते एकदम खूष झाले. "म्हणजे तू शिकून आलायस. मला वाटलं, नुसती डिग्रीच आहे."

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

आमची फर्म जुन्या गाड्यांची किंमत ठरवून देते. विमेवाले विचारतात, लिलाववाले विचारतात, कधी घटस्फोटाचे वकील विचारतात. त्यातल्या अमेरिकन मसल कार्स आल्या की ऑफिसातून लंडनजवळच्या हॅरोला, यांच्या घरी फोन जायचा आणि हे यायचे. साठ-सत्तरच्या दशकातल्या या गाड्या. दोन दारं, लांबलचक बॉनेट आणि आत गरजेच्या दुप्पट इंजिन. गोची अशी की तीच बॉडी कंपनी साध्या इंजिनातही विकायची आणि राक्षसी इंजिनातही. राक्षसी थोड्याच बनल्या, म्हणून आज साधीला राक्षसीण करून विकणारे पुष्कळ. इंजिनावर कारखान्यात एक नंबर ठोकलेला असतो. तो गाडीच्या नंबराशी जुळला आणि इंजिन त्याच गाडीबरोबर जन्मलेलं निघालं, तर एक किंमत. मागाहून बसवलेलं निघालं तर निम्मीसुद्धा नाही. आणि नंबर काय, हातोडा आणि ठसे असले की कुणीही ठोकू शकतो.

हे सगळं ओळखणाऱ्या या माणसाला गाडी चालवता येत नव्हती. लायसन्सच काढलं नव्हतं. तीस वर्षं इथल्या एका मोटारीच्या कारखान्यात तपासणीच्या लाईनवर उभे राहिले, हजारो गाड्या पास केल्या, आणि घरी गेले बसने. रिटायर झाल्यावर हा उद्योग सुरू केला तोही ट्रेनने. मिल्टन कीन्ससारख्या गावात, जिथे कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही लोक गाडी काढतात, तिथे हे स्टेशनपासून ऑफिसपर्यंत लाल पायवाटेने चालत यायचे. हातात डब्याची पिशवी. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चालवली की आवडते. आवडली की दिसायची बंद होते."

गाडीचं नाव ते घेत नसत. सगळ्या गाड्या म्हणजे 'उमेदवार'. "उमेदवार कुठे उभा आहे?" "उमेदवाराचे कागद नंतर बघू, आधी तळवे बघू." डब्याच्या पिशवीत त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक लोहचुंबक असायचा, फ्रिजवरचा, लाल मिरचीच्या आकाराचा. तो त्या तुकड्यासकट पत्र्यावरून फिरवायचे, म्हणजे ओरखडा नको. जिथे चिकटला नाही तिथे आत पत्रा नाही, पुट्टी. मग डेंटिस्टकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा. मग नाक. डिकीचा वास, सीटखालचा वास, चिंधीवर पुसलेल्या तेलाचा वास. एका मालकाची बायको मला हळूच म्हणाली, "Is he all right?" मी म्हणालो, हे नेहमीचंच आहे.

आणि चहा. निकाल सांगितल्याशिवाय मालकाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. पावसात, थंडीत, स्कॉटलंडच्या सीमेवरच्या एका शेतावर दातांवर दात आपटत असतानाही "आफ्टर, आफ्टर" म्हणत उभे राहिले. निकाल सांगून झाला की मात्र स्वतः मागून घ्यायचे, दोन चमचे साखर घालून, आणि ज्याची गाडी नुकतीच खोटी ठरवली त्याच्याशीच हवापाण्याच्या गप्पा मारत प्यायचे. त्यामुळे आमच्या धंद्यातले जुने मालक त्यांच्या तोंडाकडे बघत नसत. ते चहा कधी मागतात याकडे कान लावून बसत.

त्यांना हाक काय मारायची हा एक प्रश्नच होता. इथल्या मराठी मंडळात पन्नाशी उलटलेला प्रत्येक जण काका. मी तसं म्हणून पाहिलं. "मी तुझ्या बापाचा भाऊ नाही." मग सर म्हणालो. "मी शाळेत नव्हतो कधी शिकवायला." शेवटी मी नुसतं "अहो" म्हणायला लागलो. हॅरोच्या त्यांच्या घरी एकदा मी जिन्यातून "अहो, येता का?" असं ओरडलो तर आतून काकू हसत बाहेर आल्या. "बरं झालं बाई. इतकी वर्षं यांना अहो म्हणणारी मी एकटीच होते."

त्यांच्या गुपित टिपक्याबद्दल मला काकूंनीच सांगितलं. कुणाच्या तरी लग्नासाठी त्यांनी नेलपॉलिशची एक बाटली आणली होती, डाळिंबी रंगाची. एकदा लावलं, भडक वाटलं, ठेवून दिली. ती यांनी उचलली. ज्या उमेदवाराला खरा म्हणून पत्र दिलं, त्याच्या इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ, जिथे खाली झोपून आरसा घातल्याशिवाय नजर पोचत नाही, तिथे काडीच्या टोकाने एक टिपका. मालकालाही सांगायचं नाही. पुढे कुणी इंजिन बदललं आणि पत्र मात्र यांचं दाखवत राहिला, तर टिपका नसणार. "माझ्यापेक्षा इंजिनांचीच नखं जास्त रंगली," काकू म्हणाल्या. मला कळलंय हे समजल्यावर ते थोडे रागावले, मग म्हणाले, "ठीक आहे. कुणाला तरी माहीत असायला हवंच. माझे गुडघे गेले."

त्यांची पत्रंही बघण्यासारखी. अर्धं पान. काय पाहिलं तेवढं लिहायचं, आणि शेवटी एकच ठरलेलं वाक्य: 'हे मी पाहिलं. जे पाहिलं नाही त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.' एवढ्यावर लंडनपासून ग्लासगोपर्यंत गाड्या विकल्या जात.

मला त्यांनी शिकवलं ते माझ्या चुकीवरून. एका गाडीच्या इंजिनावरचा नंबर मी खोटा ठरवला होता, कारण एक आकडा वाकडा होता आणि एक दोनदा ठोकल्यासारखा. माझ्या मते कंपनी असं करणार नाही. ते आले, बॅटरी मारली आणि हसले.

"सरळ असता तर मी घाबरलो असतो. अरे, हे ठोकणारा माणूस होता. शुक्रवार दुपार असेल. पोराला दवाखान्यात न्यायचं असेल. त्याला काय माहीत, पन्नास वर्षांनी मिल्टन कीन्सचा एक इंजिनिअर त्याचं अक्षर तपासणार आहे! आकडे बघू नकोस. आकड्यांखालची जमीन बघ."

जमीन म्हणजे नंबर ज्यावर ठोकतात ती छोटी सपाट पट्टी. कारखान्यात ती मशीनवर तासली जाते, त्या तासण्याच्या बारीक रेघा एकाच दिशेला, एकमेकींना समांतर, केसासारख्या. जुना नंबर घासून नवा ठोकणारा माणूस आकडे हुबेहूब करतो, पण घासताना त्या रेघा जातात आणि गोल गोल खरवडे उरतात. तेव्हापासून मी ती जमीन बघतो.

हळूहळू मला सहीचा अधिकार मिळाला. लोकांना वाटेल, आनंद झाला असेल. मला झोप लागेना. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला. एक रिपोर्ट चुकला, कुणी दावा ठोकला, नोकरी गेली, की साठ दिवसांत बॅग भरायची. गावात आईने माझा फोटो दुकानाच्या शटरवर रंगवून घ्यायचाच काय तो बाकी ठेवला होता. त्यामुळे मी काय करायचो, तर जिथे त्यांचं जुनं पत्र असेल तिथे माझ्या रिपोर्टात एक वाक्य घालायचो: 'पूर्वीच्या तपासणीशी सुसंगत.' म्हणजे भिंत त्यांची आणि मी नुसता टेकलेला. असे माझे तीसेक रिपोर्ट तरी असतील. ते एकदा म्हणाले होते, "माझं नाव कशाला घालतोस? तू काय पाहिलंस ते लिही ना." मी हो म्हणालो आणि घालत राहिलो.

मग लेस्टरची गाडी आली.

मालक बेल्ग्रेव्ह रोडवरचे एक गुजराती काका, मिठाईचं दुकान, सत्तरी ओलांडलेले. वीसेक वर्षांपूर्वी त्यांनी अमेरिकेतून कंटेनरने गाडी मागवली होती. पिवळीधमक, राक्षसी इंजिनाची. दिवाळीला आणि घरातल्या लग्नाला बाहेर काढायची, एरवी दुकानामागच्या गॅरेजात चादरीखाली. आता डोळे अधू झाले म्हणून विकायची होती. फाईलमध्ये पहिलाच कागद आमच्या माणसाचं पत्र. मी निर्धास्त गेलो.

नंबराच्या पट्टीवर कुंकवाचं जाड पुट होतं. तेलात कालवलेलं, वाळून काळं पडलेलं, वर अक्षतांचे दोन दाणे चिकटलेले. आकडे त्यातून वाचता येत होते, जमीन दिसत नव्हती.

"पुसू का, काका?"

"पुसो ने, भाई. ट्रेलरवरून उतरली त्या दिवशीची पूजा आहे ती."

कोमट पाणी आणि ब्रश घेऊन मी पुसलं. खाली रेघा नव्हत्या. गोल गोल खरवडे होते, बोटाच्या ठशासारखे.

काकांना म्हणालो, आणखी एकदा यावं लागेल. बाहेर येऊन हॅरोला फोन लावला. त्यांना खरवड्यांचं सांगितलं.

"टिपका बघितलास?"

"नाही."

"बघू नकोस. मी येतो."

तो आठवडा मला आठवतो. टिपका नसला, तर त्यांनी पाहिलं ते इंजिन वेगळं होतं, नंतर कुणीतरी बदललं. टिपका असला, तर इंजिन तेव्हाही हेच होतं, आणि ते चुकले. ते चुकले, तर त्यांची सगळी पत्रं पुन्हा उघडणार. आणि त्या पत्रांना टेकलेले माझे तीस रिपोर्ट. मी एक्सेलमध्ये यादी केली, मग पुसली, मग पुन्हा केली. आईचा फोन आला की म्हणायचो, मस्त चाललंय.

लेस्टर स्टेशनवर ते उतरले तेव्हा नेहमीपेक्षा लहान वाटले. टॅक्सीत एकच बोलले. "आज काही पुसायचं नाही. नुसतं बघायचं." मी मान हलवली. माझ्या बॅगेत थिनरची छोटी बाटली आणि चिंध्या नेहमीच असतात. त्या दिवशी ती बॅग मी मांडीवर घेऊन बसलो होतो.

गॅरेजात काकांनी त्यांना खुर्ची दिली, चहा विचारला. "आफ्टर," ते म्हणाले. खाली झोपायचा एकदा प्रयत्न केला, गुडघा टेकल्यावर चेहरा पांढरा झाला. "जा तू," म्हणाले.

बॅग ओढत मी जॅकच्या स्टँडवर उचललेल्या गाडीखाली सरकलो. आरसा वर घातला. बॅटरी मारली. आधी काहीच नव्हतं. मग आरसा जरा तिरका झाला. जोडाच्या कडेला, तांबूस तपकिरी पडलेला, पण दुसरं काही असूच शकत नाही असा, डाळिंबाच्या दाण्याच्या निम्मा, टिपका.

मी किती वेळ बघत राहिलो, माहीत नाही. बाजूला त्यांचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले, एका बुटाची नाडी सुटलेली. शेजारी काकांच्या चपला. मला त्या वेळी काकांचा विचार आला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. मला ते बूट दिसले आणि माझा व्हिसा दिसला. हात बॅगेत गेला. एकदा पुसलं. चिंधीवर तपकिरी डाग आला. दुसऱ्यांदा पुसलं, तेव्हा तोही आला नाही.

बाहेर आलो. "नाही," म्हणालो. "टिपका नाही."

काकांना टिपक्याचं माहीत नव्हतं, ते सांगावं लागलं. मी सांगितलं, इंग्लिशमध्ये, रिपोर्टच्या भाषेत. पहिल्या तपासणीनंतर इंजिन बदललं गेलं आहे.

"नंतर?" काका म्हणाले. "पण नंतर गाडी इथेच होती, भाई. इथेच. चावी माझ्या गल्ल्यात असते. बॉनेट कोणी उघडलं?" ते एका उलट्या क्रेटवर बसले. "म्हणजे लोक बोलेंगे के मैंने… चाळीस वर्षं दुकान आहे माझं. मी मावा सांगून मैदा नाही विकला कधी."

मी जमिनीकडे बघत होतो. त्यांनी खुर्चीतून हात पुढे केला, मला वाटलं उठायला आधार हवाय. मी हात दिला. त्यांनी तो उलटा केला आणि नाकाजवळ नेला.

त्यांनी माझा हात सोडला नाही. मग काकांकडे वळून म्हणाले, "चहा आणता?"

काका उठले. त्यांना तो नियम माहीत होता. "एटले… निकाल झाला?"

"झाला. दोन चमचे साखर."

काका गेले. मी म्हणालो, "अहो, तुमच्यासाठी…"

"माझ्यासाठी नको बोलूस."

"मी परत लावतो. काकूंकडे बाटली आहे ना? उद्या येऊन तिथेच…"

"आणि तो कुणाचा टिपका होईल?" ते रागावले नव्हते, तेच वाईट होतं. "तुला एवढं शिकवलं. घासून पुन्हा ठोकलेल्याला काय म्हणतो आपण?"

ते खुर्चीत मागे टेकले आणि बॉनेटकडे बघत राहिले. "मी आलो त्या दिवशी यांची पूजा नुकतीच झाली होती. घरची सगळी माणसं उभी होती. ही गाडी यांनी बायकोला शब्द दिला म्हणून घेतली होती, आणि गाडी बोटीवर असताना ती गेली. नंबरावर ओलं कुंकू. मी देव मानत नाही, तुला माहीत आहे. पण एवढ्या माणसांसमोर दुसऱ्याचं कुंकू कसं पुसायचं? बोट फिरवलं वरून. आकडे लागले हाताला. पुरे, म्हटलं. आणि पत्रात लिहिलं, हे मी पाहिलं." मग म्हणाले, "विकणाऱ्याने महिनाभरात परत घ्यायचं कबूल केलं होतं. मी त्या दिवशी चिंधी फिरवली असती, तर परत गेली असती."

काका ट्रे घेऊन आले. तीन कप, बशीत पेढे. हॅरोचे ते गुडघ्यावर हात ठेवून खुर्चीतून उठले, उभे राहूनच बोलले. "हे इंजिन तुमच्याकडे आलं तेव्हाही हेच होतं. तुम्ही काही केलेलं नाही. तेव्हा मी चुकलो. टिपका होता. तो आज गेला, ते हा मुलगा लिहून देईल."

काकांनी ट्रे बॉनेटवर ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांच्याकडे बघत म्हणाले, "तमे पुसलं का नाही तेव्हा?"

"तुमचं कुंकू होतं."

"अरे भाई," काका म्हणाले, "कुंकू काय, मी परत लावलं असतं ने."

त्यांनी चहा घेतला. मला पेढा कुणी दिला नाही आणि मी घेतलाही नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये मी लॅपटॉप उघडला. इतक्या कमी शब्दांत मी कधी लिहिलं नव्हतं. टिपका होता. मी तो पाहिला. मी तो थिनरने पुसला. इंजिन पहिल्या तपासणीतलंच आहे आणि पहिली तपासणी चुकीची होती. मालकाचा यात दोष नाही. 'पूर्वीच्या तपासणीशी सुसंगत' हे वाक्य कुठेच बसत नव्हतं. माझ्या बोटांना अजून वास येत होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या मॅनेजरबाईंनी तो रिपोर्ट दोनदा वाचला. मग दार लावलं. त्या म्हणाल्या, "तुला कळतंय ना, पुरावा तूच नष्ट केलास? आता टिपका होता, याला आधार काय? तुझा शब्द. आणि एकदा खोटं बोललेल्या माणसाचा शब्द मी विमा कंपनीला कसा पाठवू?" माझ्याकडे सर्टिफिकेटांचं फोल्डर होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातलं काहीच कामाचं नव्हतं.

चौथ्या दिवशी पोस्टाने हॅरोहून पाकीट आलं. मॅनेजरबाईंच्या नावे. आत अर्धं पान, निळ्या शाईत, त्यांच्या त्या कारखान्याच्या रजिस्टरमधल्या अक्षरात. वीस वर्षांपूर्वीची आपली तपासणी का चुकली, ते चार ओळींत. कुंकवासकट. त्या काळात दिलेल्या सगळ्या पत्रांची यादी सोबत, पुन्हा तपासून घ्यावी म्हणून. मग माझ्याबद्दल एक ओळ, टिपका होता असं हा सांगतो. आणि शेवटी, जिथे ते ठरलेलं वाक्य यायचं, तिथे दुसरंच होतं:

'हे मी पाहिलेलं नाही. खरं आहे.'

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंच्या फायलीत त्यांची कितीतरी पत्रं होती. "हे असं त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. रिपोर्ट गेला. काकांच्या नावावर डाग आला नाही, गाडी मात्र कमी भावाचीच ठरली. त्यांनी ती विकली नाही, अजून दिवाळीला पुतण्या बाहेर काढतो. माझा सहीचा अधिकार वर्षभर काढून घेतला, नोकरी राहिली. ते तीस रिपोर्ट मी सुट्टीच्या दिवशी, एकेक करून, प्रत्येक गाडीखाली झोपून पुन्हा केले. दोन गाड्या खोट्या निघाल्या. सव्वीसाव्या गाडीच्या वेळी काकूंचा फोन आला, ते गेल्याचा. शेवटपर्यंत विचारत होते म्हणे, किती झाले.

ऑफिसने स्कॅन ठेवला आणि मूळ पत्र मला दिलं. ते माझ्या फोल्डरमध्ये आहे, डिग्रीच्या मागे. घडीवर कागद विरायला लागलाय, एका कोपऱ्यात ओल लागून शाई फुटलीय. दर महिन्याला काढून बघतो, आणखी किती गेलंय. जीव घाबरा होतो. तरी लॅमिनेट केलेलं नाही.